डाग ओळखावा, मग हात लावावा

हिंगोली जिल्ह्याच्या बाजारपेठेचा कणा म्हणजे हळद. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीच्या व्यापारासाठी दूरवर ओळखला जातो आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. उकडून, वाळवून, पॉलिश होऊन हळद आडतीवर येते, तेव्हा व्यापारी तिचा रंग पाहतो, कांडी मोडून पाहतो आणि तिच्यातील कुर्क्युमिनच्या प्रमाणाची चौकशी करतो. ज्या कुर्क्युमिनसाठी आडतीवर चार पैसे अधिक मोजले जातात, तेच कुर्क्युमिन संध्याकाळी घरच्या पांढऱ्या सिंकमध्ये उतरते आणि घरातील सासू-सुनांना त्रासून सोडते.

जुन्या वाड्यांतील मोरी गेली, तिच्या जागी ओटा आला आणि ओट्यालगत चिनी मातीचे पांढरे सिंक बसले. पुढे स्टीलची सिंक स्वस्त व हलकी म्हणून सर्वत्र पसरली; तरी बाजारपेठेतील अनेक घरांत वडिलांच्या काळातील ते जाड, जड, पांढरे सिंक अजून टिकून आहे. घराला रंग काढताना ते बदलण्याचा विषय निघतो आणि आईच्या इच्छेसाठी पुढे ढकलला जातो. मात्र दिवाळी किंवा पर्युषण जवळ आले, की पिवळट, तपकिरी, कळकट डागांकडे सर्वांचे लक्ष जाते आणि कोणीतरी संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडची बाटली उचलते. सिंकचे खरे नुकसान तेथून सुरू होते, आणि कधी कधी माणसाचेही.

चिनी मातीचे सिंक म्हणजे भट्टीत भाजलेल्या मातीवर चढविलेला काचेचा पातळ थर. या थराला झिलई म्हणतात. पांढरेपणा, गुळगुळीतपणा आणि पाणी न शोषण्याचा गुण ही सारी त्या झिलईची देणगी. खालची भाजलेली माती बहुधा सच्छिद्र असते. झिलई शाबूत असेपर्यंत डाग वरवर बसतो आणि निघतो. झिलई गेली, की तोच डाग मातीत मुरतो आणि सहसा निघत नाही. म्हणून सिंक साफ करण्याचा पहिला नियम हा, की डाग गेला नाही तरी चालेल, झिलई जाता कामा नये. मुद्दल राखले, तर व्याजाचा हिशेब पुढे करता येतो.

आपल्याकडे हा नियम नकळत मोडला जातो, कारण हाताला सवय तांब्या-पितळेची आहे. पितळेचे भांडे राख, चिंच आणि विटकरीच्या भुकटीने घासले, की लखलखते. त्यातून धातूचा सूक्ष्म अंश झिजतो, पण खाली पुन्हा पितळच असते. काचेच्या थराखाली पुन्हा काच नसते. वाळूत व विटेच्या भुकटीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण आहे. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह मापनपट्टीवर गारगोटीचा क्रमांक ७, तर साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. अशा भुकटीने घासलेले सिंक त्या दिवशी स्वच्छ दिसते. परंतु त्यावर असंख्य बारीक ओरखडे उमटतात आणि पुढच्या आठवड्यात हळद त्या ओरखड्यांत जाऊन बसते. मग आणखी जोराने घासणे, आणखी ओरखडे, आणखी डाग. कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार आहे.

काम सुरू करण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. पहिली लोहचुंबकाची. सिंकच्या अंगाला चुंबक चिकटले, तर ते चिनी मातीचे नसून लोखंडावर इनॅमलचा लेप दिलेले आहे. अशा सिंकला तीव्र आम्ल कधीही लावू नये. लेप निस्तेज होतो आणि खालच्या लोखंडाला गंज धरतो. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. सिंक पूर्ण कोरडे करून डागावर पाण्याचा एक थेंब ठेवावा व काही मिनिटे थांबावे. थेंब तसाच राहिला आणि पुसल्यावर खूण उरली नाही, तर झिलई शाबूत आहे. थेंब आत शोषला जाऊन जागा काळसर झाली, तर तेथील झिलई गेली आहे. त्या जागी शक्ती वाया घालवू नये.

यानंतर डागाची ओळख. व्यवहारात प्रत्येक नोंदीमागे एक पावती असते. तसे प्रत्येक डागामागे एक कारण असते आणि उपाय त्या कारणानुसार बदलतो.

सर्वप्रथम हळद. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात व स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणूनच फोडणीच्या तेलाबरोबर आलेला डाग नुसत्या पाण्याने हटत नाही. साबण किंवा सोडा लावला, की पिवळा डाग लालसर होतो आणि घरात घबराट उडते. यात भिण्यासारखे काही नाही. क्षाराच्या संपर्कात हळद लाल होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. उलट त्यावर लिंबू पिळले, की लाली जाऊन पिवळेपणा परततो. रंग बदलला म्हणजे डाग गेला, असा समज करून घेऊ नये.

हळदीचा डाग ताजा असेल, तर कापसावर थोडे गोडेतेल घेऊन पुसावे, मग भांड्यांच्या साबणाने तेल काढून टाकावे. डाग जुना असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. बाटलीवर ६ टक्के लिहिले असल्यास त्यात तेवढेच पाणी मिसळावे. खाण्याच्या सोड्यात हे द्रावण घालून पातळ लेप करावा, डागावर पसरावा, वर ओले कापड झाकावे आणि तासाभराने धुवावे. पेरॉक्साइड रंगाचा कण मोडते आणि शेवटी पाणी व प्राणवायू होऊन जाते. एकदा केल्याने डाग फिका होईल, दोन-तीनदा केल्याने बहुधा जाईल. हातात रबरी मोजे असावेत. सिंक खिडकीखाली असेल, तर ऊनही मदत करते. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे हळद लागलेले कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

दुसरा डाग चहाचा. चहातील टॅनिन सिंकच्या तळाशी तपकिरी पापुद्रा धरते. खाण्याचा सोडा किंचित ओला करून मऊ कापडाने हलक्या हाताने चोळला, की ताजा पापुद्रा निघतो. जुन्यासाठी वरचाच पेरॉक्साइडचा लेप लावावा. परंतु जेथे नळ ठिबकून गंज आलेला असतो, तेथे चहाचा डाग काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करण्याची जुनी पद्धत होती. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकशीतील लोह मिळून ती शाई तयार होई. गंजावर चहा सांडला, की सिंकमध्ये नेमकी तीच शाई होते. अशा काळ्या डागावर सोडा निरुपयोगी. तेथे लिंबू चालते.

तिसरा डाग पाण्याचाच. मराठवाड्यातील काळ्या बसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पाणी सुकताना मागे राहतात. नळाखाली, जाळीभोवती आणि कडेला दिसणारा पांढुरका, खरखरीत थर तो हाच. तो स्वतः फारसा डोळ्यांत भरत नाही. मात्र हळद, चहा आणि तेलाचा ओशटपणा त्याला घट्ट धरून बसतात. अनेक घरांत ज्याला हळदीचा हट्टी डाग समजतात, तो प्रत्यक्षात क्षारांच्या थरात अडकलेली हळद असते. आधी थर काढला, की डाग त्याच्याबरोबर निघून जातो.

यासाठी एक कप कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत विरघळवावे, जुने सुती कापड त्यात भिजवून थरावर अर्धा तास ठेवावे आणि नंतर मऊ घासणीने पुसून भरपूर पाण्याने धुवावे. बहुतेक ठिकाणी सिरका सुचविला जातो. परंतु आंबवून होणारा म्हणून तो अनेक जैन घरांत येत नाही. त्याची उणीव भासण्याचे कारण नाही. लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणीही हे काम करते, वेळ मात्र अधिक लागतो. इनॅमलच्या सिंकवर लिंबूही फार वेळ ठेवू नये.

चौथा डाग गंजाचा. ओला तवा सिंकमध्ये रात्रभर राहिला, जुन्या लोखंडी पाईपातून लालसर पाणी आले, किंवा नळ ठिबकत राहिला, की नारिंगी-तपकिरी पट्टा उमटतो. त्यावर मीठ भुरभुरून लिंबू पिळावे, तासभर ठेवावे, मग धुवावे. गंजावर ब्लीच कधीही लावू नये. ते गंज काढत नाही, उलट डाग पक्का करते.

पाचवा डाग हा मुळात डागच नव्हे. शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास आलेले पाहुणे घरी जेवून जातात, त्या दिवशी मोठी पातेली, पराती आणि डबे सिंकमध्ये घासले जातात. दुसऱ्या दिवशी तळाशी करड्या-काळ्या रेघा दिसतात आणि सिंकला तडे गेले, अशी समजूत होते. रेघेवरून नख फिरवावे. नख अडकले नाही, तर तो तडा नसून भांड्याच्या धातूचा झिलईवर राहिलेला माग आहे. शिसपेन्सिलीने कागदावर रेघ उमटावी तसा. पांढरी टूथपेस्ट किंवा तशीच अतिशय बारीक, मऊ भुकटी ओल्या कापडावर घेऊन चोळल्यास या रेघा निघतात. मोठी भांडी घासताना तळाशी रबरी जाळी अंथरली, तर त्या उमटतही नाहीत.

उरले ते झिलईतील कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. काळाने किंवा तापमानाच्या धक्क्याने ते पडतात आणि त्यांत तपकिरी रंग भरतो. पेरॉक्साइडचा लेप रात्रभर ठेवल्यास ते फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत आणि कालांतराने पुन्हा भरतात. येथे वय मान्य करावे हेच बरे. जैन घरांत पिण्यासाठी रोज पाणी उकळले जाते. उरलेले गरम पाणी तसेच सिंकमध्ये ओतले, की थंड काचेला धक्का बसतो आणि असे तडे वाढतात. गरम पाणी निवल्यावाचून ओतू नये, ही वडीलधाऱ्यांची सूचना मोरीतील सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी होती. तिने सिंकचेही रक्षण होते.

एका लोकप्रिय उपायाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र केले, की जोरदार फेस येतो आणि काम होत असल्याचे समाधान वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि क्षार एकमेकांना संपवतात. जमा तेवढा खर्च होऊन खात्यात शून्य उरते. फेसाने सैल झालेला कचरा हलेल इतकेच. दोन्ही वापरायचे असल्यास एक लावून, धुऊन, मग दुसरे लावावे.

मात्र सर्वांत गंभीर बाब मिश्रणाचीच आहे. संडास साफ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आली, की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडण्यात आलेला वायू तो हाच. एका द्रवाने डाग गेला नाही म्हणून पाठोपाठ दुसरे ओतले, तरीही धोका असतो. पहिल्याचा अंश सिंकखालच्या वाकड्या पाईपात शिल्लक असतो. तीव्र वास आला, डोळे चुरचुरले, खोकला लागला, तर तेथे वाकून पाहत बसू नये. सर्वांनी लगेच मोकळ्या हवेत जावे, बाहेरून शक्य तर दारे-खिडक्या उघडाव्यात, डोळे पाण्याने धुवावेत आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जावे. दम्याच्या रुग्णाने तर उशीर करूच नये.

येथे एक प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. अ‍ॅसिडची बाटली घरातील माणूस क्वचितच हातात घेतो. वास सहन होत नाही म्हणून ती भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती दिली जाते. त्यांच्या हातात मोजे नसतात, बोटांना आधीच साबणाच्या भेगा असतात आणि मालकिणीने सांगितलेल्या कामाला नाही म्हणण्याची सोय नसते. पाण्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी जे घर पाणी गाळून वापरते, त्या घराने समोर उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसांचाही विचार करायला हवा. अहिंसेचा हिशेब दाराशी थांबत नाही. मोज्यांची एक जोडी, उघडी खिडकी आणि जे स्वतः हाताळणार नाही ते दुसऱ्याला न देण्याचा नियम, एवढी तरतूद प्रत्येक घराला परवडते.

डाग काढण्यापेक्षा डाग न पडू देणे सोपे, आणि याची शिकवण आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सात तत्त्वांत आस्रव आणि बंध यांच्यानंतर आधी संवर येतो, मग निर्जरा. येणारे थांबवावे, मग साठलेले झाडावे. नळ ठिबकत असताना गंज घासणे म्हणजे संवराविना निर्जरेची खटपट. काही रुपयांचा वॉशर बदलला, तर निम्मे काम तेथेच होते.

थाळी धुऊन ते पाणी पिण्याचा जो नियम अनेक घरांत पाळला जातो, त्यामुळे सिंकमध्ये हळद आणि तेल पोहोचतेच कमी. उष्टे व ओली भांडी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटांपेक्षा अधिक काळ तशीच ठेवू नयेत, या दंडकाचाही तोच लाभ. हळदीला मुरण्यास वेळ मिळत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात रात्री सिंक रिकामे असते. शेवटचे भांडे निघाल्यावर सिंक धुऊन, कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय लावली, तर जड पाण्याचा थर धरणार नाही. चातुर्मासात या सवयीचे मोल आणखी वाढते. ओल राहिली, की कडेला आणि जाळीखाली हिरवट शेवाळ किंवा काळी बुरशी येते. ती आल्यावर खरवडणे म्हणजे जीवहिंसा, आणि न खरवडावे तर अस्वच्छता. यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे: ती येण्यापूर्वी जागा कोरडी ठेवणे. रोजची दोन मिनिटे हा त्याचा खर्च.

आणि सिंक खरोखर थकले असेल तर? थेंबाच्या परीक्षेत मोठा भाग पाणी शोषत असेल, कडा उडून टोकदार झाल्या असतील, किंवा नखात अडकणारा खरा तडा तळाशी असेल, तर ते बदलावे. अशा भेगांत अन्नाचे कण राहतात आणि स्वयंपाकघराची शुद्धता राखता येत नाही. येणे बुडाल्यावर ते वहीतून वजा करण्यात शहाणा व्यापारी संकोच करत नाही. परंतु पहिल्या पिवळ्या डागाला घाबरून धडधाकट सिंक काढणेही तितकेच चुकीचे. थेंब वर तरंगतो तोवर त्या सिंकमध्ये पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे.

पर्युषणापूर्वीच्या एखाद्या सकाळी घरातील सुनेने आणि सासूबाईंनी मिळून ही परीक्षा करावी. सिंक कोरडे करावे, थेंब ठेवावा, रेघांवरून नख फिरवावे आणि कोणता डाग कशाचा, हे ठरवावे. मग एका दिवशी एकच उपाय योजावा. लिंबाचा दिवस वेगळा, पेरॉक्साइडचा वेगळा. आठवड्याभरात सिंक नव्यासारखे होईल असे नाही, पण ते स्वच्छ होईल, टिकेल, आणि ते करताना कोणाचा श्वास कोंडणार नाही.